जुन्या संगणकाचे अपुरे खळे

तुमच्या शाळेत, ग्रामपंचायतीच्या कचेरीत किंवा गावच्या वाचनालयात एखादा जुना संगणक असेलच. दहा-पंधरा वर्षांमागे तो आला तेव्हा त्याला हळद-कुंकू लावून, नारळ फोडून टेबलावर बसविला असेल. आज त्याची काय अवस्था आहे? बटण दाबावे आणि चहा पिऊन यावे. एखादी फाईल उघडावयास सांगावी, तर पडद्यावर वर्तुळ गरगर फिरत राहते आणि फाईल काही येत नाही. दोन कामे एकदम सांगितली की दोन्ही अडतात. मुले कंटाळतात, गुरुजी चिडतात आणि अखेर कोणीतरी म्हणतो, "याचं वय झालं. देऊन टाका भंगारात."

वय झाले हे खरे असेलही. पण पुष्कळ वेळा त्या संगणकाला फक्त जागा अपुरी पडत असते. ही जागा म्हणजे संगणकाची कामचलाऊ स्मृती, जिला बाजारात रॅम म्हणतात. ती वाढविता येते आणि ते काम एक स्क्रू ड्रायव्हर व तासाभराची फुरसत असेल तर तुम्हीही करू शकता. मात्र कोणत्या संगणकात ती वाढवावी, कोणती आणावी आणि कोणत्या संगणकावर एक रुपयाही घालू नये, हे आधी कळले पाहिजे. तेवढ्यासाठी हा लेख.

२०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी, जो आता एका खेड्यात शिक्षक आहे, मला आपल्या शाळेत घेऊन गेला. शाळेत २०११ साली आलेले तीन संगणक होते. ते मोडीत काढून नव्यांसाठी गावात वर्गणी करावी, असे शाळा व्यवस्थापन समितीने जवळजवळ ठरविलेच होते. आधल्या साली पाऊस बेताचा झालेला. वर्गणीचा आकडा निघाला की समितीतील दोघे-तिघे खाली मान घालून बसत, असे त्याने वाटेत सांगितले. "सर, तुम्ही एकदा बघून तर घ्या," एवढेच त्याचे म्हणणे होते.

मी एक संगणक सुरू करून पाहिला. रॅम २ जीबी. उघडलेले काय, तर इंटरनेटचे एक पान आणि हजेरीचा एक तक्ता. एवढ्यातच स्मृती शेकडा ९४ भरलेली, आणि डब्यावरचा हार्ड डिस्कचा दिवा एकसारखा लुकलुकत होता. याउलट प्रोसेसर, म्हणजे जो खरा काम करणारा, तो मात्र बहुतेक वेळ रिकामाच बसलेला. (आपल्याकडे सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणण्याची पद्धत पडली आहे. खरा सीपीयू म्हणजे आत बसविलेली हा प्रोसेसरची चिप, काडेपेटीएवढी.) समितीचे सभासद भोवती उभे होते, त्यांना मी हे समजावून सांगत होतो. त्यांतील एक म्हातारे शेतकरी मध्येच म्हणाले, "म्हंजे सर, बैल दमलं न्हाईत. खळंच ल्हान हाय."

वर्गात पंधरा वर्षे शिकवून मला जे इतके थोडक्यात सांगता आले नव्हते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. तेव्हा त्यांचेच खळे घेऊन पुढे जाऊ.

मळणी आता यंत्राने होते, तरी खळे कसे असते हे तुम्हांला सांगावयास नको. कणसांची गंज एका अंगाला रचलेली असते. मळावयाची तेवढी कणसे खळ्यावर आणून पसरावयाची आणि त्यावर बैल फिरवावयाचे. बैल काही गंजीवर चढत नाहीत. संगणकात गंज म्हणजे हार्ड डिस्क. तुमची सारी पत्रे, चित्रे, तक्ते आणि कार्यक्रम तेथे कायमचे रचून ठेवलेले असतात. खळे म्हणजे रॅम. बैल म्हणजे प्रोसेसर. प्रोसेसरला ज्यावर काम करावयाचे ते आधी रॅममध्ये यावेच लागते.

आता खळे लहान आहे आणि दोन धान्यांची मळणी एकदम काढली आहे असे समजा. ज्वारी पसरली आहे, तोच बाजरी हवी झाली. जागा नाही, म्हणून अर्धी मळलेली ज्वारी उचलून गंजीकडे न्यावयाची आणि तेथून बाजरी आणावयाची. पुन्हा ज्वारी हवी झाली की पुन्हा तीच उचलाउचल. माणसे घामाघूम होतात आणि बैल उभे राहतात. रॅम भरली की संगणक हेच करतो. तिच्यातील काही मजकूर उचलून तो हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागला की परत आणतो. या क्रियेस स्वॅपिंग म्हणतात. डब्यावरचा दिवा जो एकसारखा लुकलुकत होता, तो या हेलपाट्यांचा.

हेलपाटा किती लांबचा, ते पाहा. रॅममधील एखादी गोष्ट प्रोसेसरच्या हाती यावयास सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तीच गोष्ट शोधून द्यावयास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. दोन्ही वेळ आपल्याला क्षुल्लकच वाटतात. पण त्यांत जवळजवळ लाख पटींचा फरक आहे. टेबलावरचा खडू उचलावयास तुम्हांला एक सेकंद लागतो असे धरले, तर हार्ड डिस्कवरचा खडू आणावयास लाख सेकंद, म्हणजे सत्तावीस तासांहून अधिक वेळ लागेल. शिकवीत असताना दर दोन ओळींनी खडूसाठी असे जावे लागले तर त्या तासाला काय शिकवून होणार?

मग सगळे रॅममध्येच का ठेवीत नाहीत, असे कोणी विचारील. कारण रॅम गळकी असते. तिच्यात अगदी बारीक असे कोट्यवधी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विजेचा थोडासा भार साठविला की एक आणि नसला की शून्य, अशी नोंद होते. पण हा भार मडक्यातील पाण्याप्रमाणे झिरपून जातो, म्हणून तो निघून जाण्याच्या आत पुन्हा भरावा लागतो. साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, प्रत्येक कप्पा वाचून पुन्हा भरला जातो. वीज गेली की हे भरणे थांबते आणि रॅम कोरी होते. भारनियमनाच्या वेळी तुमचा अर्धा लिहिलेला निकाल नाहीसा होतो तो याच कारणाने. हार्ड डिस्कवर जतन केलेला तेवढा राहतो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "रॅम वाढविल्यावर लाइट गेली तरी काम राहील ना?" असा प्रश्न मला एकाहून अधिक ठिकाणी आला आहे. नाही राहणार. त्यासाठी यूपीएस हवा.

एक ट्रान्झिस्टर आणि एक भार साठविणारा कपॅसिटर, एवढ्यावर एक कप्पा करण्याची ही युक्ती रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाने १९६६ साली आयबीएम कंपनीत काढली. १९७० मध्ये इंटेलने भार साठविणाऱ्या कप्प्यांची स्मृती बाजारात आणली, तेव्हा एका चिपेत १०२४ कप्पे होते. आज ४ जीबीच्या एका पट्टीत ३४०० कोटींहून अधिक कप्पे असतात. त्या पहिल्या चिपा घेऊन ही एक पट्टी भरावयाची म्हटली तर ३ कोटी ३५ लाख चिपा लागतील!

आणि तरीही ४ जीबी आज बेताचीच ठरते. खळे होते तेवढेच आहे, पीक मात्र वाढत गेले. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला १२८ एमबी रॅम असावी अशी शिफारस होती. २००९ च्या विंडोज ७ ला किमान १ जीबी सांगितली गेली आणि २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी. वीस वर्षांत गरज बत्तीस पट झाली. शिवाय हे आकडे कंपनीने सांगितलेले. तेवढ्यात संगणक नुसता उभा राहतो, धावत नाही. वेब पानेही पूर्वीसारखी साधी राहिली नाहीत. हल्ली इंटरनेटचे एकेक पान शंभर-दोनशे एमबी सहज खाऊन टाकते.

आता कामाचे. पट्टी आणावयास तालुक्याला जाण्यापूर्वी संगणकाची नाडी पाहा. संगणक सुरू करून पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्या. सुरू होताच पाहिले तर सगळेच भरलेले दिसते आणि फसगत होते. मग रोज जे कार्यक्रम एकदम वापरता ते उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख शेजारी शेजारी दिसतात.

मेमरी शेकडा ८५-९० च्या वर आणि डिस्कही एकसारखी कामात असेल, तर खळे लहान आहे. रॅम वाढविल्याचा गुण येईल. मेमरी निम्मीच वापरात असून डिस्क मात्र शेकडा १०० वर अडकली असेल, तर दुखणे गंजीचे आहे. अशा वेळी रॅमची पट्टी घालून काही उपयोग नाही. फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी बसविली तर तोच संगणक ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. माझे तर असे मत आहे की ४ जीबी आधीच असेल आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर आधी एसएसडी घ्यावी. पण १ किंवा २ जीबीच्या संगणकात नुसती एसएसडी घालणे म्हणजे खळे न वाढविता गंज जवळ आणणे. हेलपाटा लहान होतो, पण चुकत नाही. प्रोसेसरच सारखा शेकडा १०० वर असेल तर बैलच दमले आहेत, किंवा एखादा नको असलेला कार्यक्रम आत शिरून चरतो आहे. आणि बाकी सगळे चपळ असून केवळ इंटरनेटची पाने उशिरा येत असतील, तर दोष तुमच्या जोडणीचा. संगणकाला बोल लावू नका.

रॅम हवी असे ठरले. आता कोणती? येथे बहुतेकांचे पैसे वाया जातात, म्हणून येथे थोडा अधिक वेळ घेतो.

रॅमच्या पट्ट्यांच्या पिढ्या आहेत. साधारण २००३ पासून डीडीआर२, २००७ पासून डीडीआर३, २०१४ पासून डीडीआर४ आणि २०२० पासून डीडीआर५. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या खोबणीत चालत नाही. विजेचा दाबही निराळा लागतो. डीडीआर२ ला १.८ व्होल्ट, डीडीआर३ ला १.५ आणि डीडीआर४ ला १.२. चुकून घालू नये म्हणून पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच ठेवलेली असते आणि प्रत्येक पिढीत ती थोडी सरकवलेली असते. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० संपर्कबिंदू असतात, लांबीही तीच, सुमारे १३ सेंटिमीटर. दुरून पाहिले तर जुळ्या बहिणी. पण खाच वेगळी. तेव्हा पट्टी बसत नसेल तर जोर करू नये. ती बसत नाही यातच सारे आले.

ओळखावयाचे कसे? सर्वांत सोपा उपाय म्हणजे आतली जुनी पट्टी काढून तिच्यावरचा कागद वाचणे. त्यावर रोमन लिपीत पीसी ही अक्षरे आणि लगेच एक आकडा असतो. २ असेल तर डीडीआर२, ३ असेल तर डीडीआर३, ४ असेल तर डीडीआर४. त्यापुढे मोठी संख्या असते, ती वेगाची. दुकानात जाताना तोंडी सांगण्यापेक्षा ती पट्टीच रुमालात गुंडाळून न्यावी. वेग थोडा अधिक-उणा असला तरी चालतो. दोन पट्ट्या निरनिराळ्या वेगांच्या असतील तर दोन्ही हळूच्या चालीने चालतात, औताला एक तरणा आणि एक म्हातारा बैल जुंपल्याप्रमाणे.

दुसरी गोष्ट मर्यादेची. मदरबोर्ड किती रॅम घेईल हे त्यावरील मुख्य चिपसंचावर अवलंबून असते. दहा-पंधरा वर्षांमागचे आपल्याकडचे कित्येक संगणक इंटेलच्या जी-३१, जी-४१ किंवा एच-६१ या चिपसंचांचे आहेत. जी-३१ जास्तीत जास्त ४ जीबी घेतो, जी-४१ घेतो ८ जीबी आणि एच-६१ घेतो १६ जीबी. तुमचा कोणता, हे बोर्डावर छापलेल्या नावावरून किंवा सीपीयू-झेड या मोफत कार्यक्रमावरून कळते.

तिसरी गोष्ट, तुमची विंडोज ३२ बिटांची आहे की ६४ बिटांची. रॅममधील प्रत्येक घराला एक क्रमांक असतो. ३२ बिटांत ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ क्रमांक बसतात, म्हणजेच बरोबर ४ जीबी. ग्रामपंचायतीने घरांना तीन आकडीच पाट्या काढल्या तर ९९९ च्या पुढच्या घराला पाटी मिळणार नाही आणि पोस्टमन तेथे पत्र टाकणार नाही, तसे हे. त्यातूनही काही क्रमांक पडदा वगैरे इतर भागांसाठी राखून ठेवावे लागतात, म्हणून ३२ बिटांच्या विंडोजला ४ जीबीतील तीन-साडेतीन जीबीच वापरावयास मिळतात. अशा संगणकात ८ जीबी घालून "दुकानदाराने फसविले" म्हणणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. दुकानदाराचा काही दोष नव्हता.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. त्या शाळेतील दोन संगणक जी-४१ बोर्डाचे होते, डीडीआर३ घेणारे. मर्यादा ८ जीबी, हे मला ठाऊक होते. म्हणून मोठ्या ऐटीत मी डीडीआर३ ची ४ जीबीची एक पट्टी घेऊन गेलो. खाच जुळली, पट्टी बसली, बटण दाबले, पडदा काळाच. समितीचे सभासद माझ्याकडे पाहत होते आणि मी संगणकाकडे. रात्री घरी येऊन शोध केला तेव्हा उलगडा झाला. ४ जीबीची पट्टी दोन प्रकारे बनते: लहान क्षमतेच्या सोळा चिपा दोन्ही अंगांना लावून, किंवा दुप्पट क्षमतेच्या आठच चिपा लावून. जी-४१ जुन्या काळचा. त्याला आठ चिपांच्या पट्टीतील दाट चिपा ओळखताच येत नाहीत. माझी पट्टी आठ चिपांची होती. पट्टी उत्तम, बोर्डही उत्तम, पण दोघांची भाषा जुळेना. दुकानदार भला माणूस. त्याने ती बदलून २ जीबीच्या दोन पट्ट्या दिल्या आणि त्या दोन्ही चालल्या. तेव्हा जुन्या बोर्डासाठी ४ जीबीची पट्टी घ्याल तर चिपा मोजून घ्या. कागदावर दोन, आर, एक्स, आठ असे लिहिलेले असेल तर ती सोळा चिपांची. एक, आर, एक्स, आठ असेल तर आठ चिपांची.

आणखी दोन सापळे आहेत. काही स्वस्त पट्ट्यांवर 'फक्त एएमडीसाठी' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. त्या इंटेलच्या जुन्या बोर्डात घेऊ नयेत. आणि मोठ्या सर्व्हर यंत्रांतून निघालेल्या पट्ट्या फार स्वस्तात विकावयास येतात. त्या घरगुती संगणकात चालत नाहीत.

डीडीआर२ आणि डीडीआर३ हल्ली बहुधा वापरलेल्याच मिळतात. त्यात गैर काही नाही, कारण पट्टीत झिजणारा भाग नसतो. मात्र बदलून देण्याची मुदत आधी ठरवून, बिलावर लिहून घ्यावी. भावाबद्दल मी आकडा सांगत नाही. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा एवढ्या प्रमाणावर उचलल्या की जगभर भाव झपाट्याने चढले. आज छापलेला आकडा उद्या खोटा ठरावयाचा. दोन-तीन दुकानांत विचारूनच घ्या.

पट्टी बसविण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. संगणक बंद करून तार भिंतीतून काढा, नुसते बटण बंद करून भागणार नाही. तार काढल्यावर सुरू करण्याचे बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डबा आडवा ठेवून बाजूचा पत्रा काढा. खेड्यातील डब्यात धुळीची गादी आणि क्वचित पालीची अंडीही सापडतात. कोरड्या मऊ ब्रशाने साफ करा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात.

पट्टीला हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगावर स्थिर वीज साठते, विशेषतः हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत आणि नायलॉनचे कपडे असले म्हणजे. साधारण तीन हजार व्होल्टांच्या खाली ती आपल्याला जाणवतही नाही, पण चिप त्याहून पुष्कळ कमी दाबाने बिघडू शकते. (संगणक चालू असता डब्याला हात लावल्यावर चुणचुणते का? तसे असेल तर तुमच्या शाळेच्या वायरिंगला अर्थिंग नाही. रॅम राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. ते मुलांच्या जिवाचे काम आहे.)

खोबणीच्या टोकांच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की जुनी पट्टी वर येते. नवी पट्टी कडांना धरून, खाच जुळवून खोबणीत उभी करा आणि दोन्ही टोके अंगठ्यांनी सारखी दाबा. क्लिपा कट् असा आवाज करून आपोआप मिटतात. जोर थोडा लागतो. पहिल्या वेळी भीती वाटते, ती रास्त आहे. सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या असतील तर फारच चांगले. कित्येक बोर्ड दोन्हींकडून एकदम माल उचलतात.

सुरू केल्यावर संगणक लांब शिट्ट्या मारू लागला आणि पडदा आला नाही, तर घाबरू नका. त्याला रॅम सापडलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क पेन्सिलीच्या खोडरबराने हळुवार घासा, कण पुसून टाका आणि पुन्हा बसवा. एकेक पट्टी, एकेक खोबणी अशी आलटून पालटून पाहा. निम्म्या वेळा दुखणे तेवढ्यानेच जाते. संगणक चालू झाला तरी वापरलेली पट्टी असेल तर मेमटेस्ट नावाचा मोफत कार्यक्रम रात्रभर चालवून पाहावा. सदोष कप्पा असला तर तो लगेच दिसत नाही. महिन्याभराने मुलांच्या गुणांच्या तक्त्यात दिसतो.

शाळेतील दोन्ही संगणकांत मिळून आम्ही चार पट्ट्या घातल्या, प्रत्येकी ४ जीबी. जुनी ३२ बिटांची विंडोज काढून ६४ बिटांची हलकी लिनक्स प्रणाली घातली; ती मोफत मिळते आणि तिच्यात मराठी चांगली लिहिता येते. केरळातील सरकारी शाळांत अशी मोफत प्रणाली कित्येक वर्षांपासून वापरात आहे. मी हे सुचविले त्याला आणखी एक कारण होते. विंडोज १० ची सुरक्षाविषयक मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार हे तेव्हाच जाहीर झालेले होते, आणि विंडोज ११ एवढे जुने प्रोसेसर स्वीकारत नाही. कितीही रॅम घातली तरी नाही. ती मुदत आता उलटून गेली आहे. तुमच्या संगणकावर अजून विंडोज १० असेल तर रॅमबरोबर या गोष्टीचाही विचार करा.

फरक काय पडला? खरे सांगावयाचे तर संगणक सुरू होण्याचा वेळ फारसा घटला नाही, कारण फिरती हार्ड डिस्क तीच राहिली. पण एकदा सुरू झाला की तक्ता, शब्दकोश आणि इंटरनेटची चार-पाच पाने एकदम उघडी ठेवून मुले काम करू लागली. एकीकडून दुसरीकडे जाताना पूर्वी जे वर्तुळ फिरत बसे, ते फिरेनासे झाले.

तिसऱ्या संगणकावर मात्र आम्ही काही घातले नाही. त्याच्या मदरबोर्डावरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर डोक्यावर फुगले होते आणि एकाच्या बुडाशी तपकिरी डाग पडला होता. असा बोर्ड आज चालतो, उद्या चालत नाही. तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे देण्यास सांगितले; भंगारवाल्याला नको, कारण तेथे तारा जाळून तांबे काढतात आणि तो धूर गावालाच खावा लागतो. समितीने वर्गणीचा विषय पुढच्या सभेत काढला नाही. पट्ट्यांचा खर्च शाळेच्या किरकोळ निधीतून भागला.

काढलेल्या १ जीबीच्या पट्ट्या त्या शिक्षकाने टाकून दिल्या नाहीत. एक कपाटात कागदात गुंडाळून, तारीख लिहून ठेवली. कधी शंका आली तर घालून पाहावयास ती उपयोगी पडते. बाकीच्या सातवीच्या वर्गात हातोहात फिरविल्या. मुलांना त्यांवरचे सोनेरी संपर्क मोजावयास सांगितले होते. एका मुलीने १२० सांगितले आणि बाकीचे तिला हसले, कारण फळ्यावर २४० लिहिलेले होते. तिने पट्टी उलटी करून दुसरी बाजू मोजावयास घेतली.